पाच लिटरची निस्किन बाटली: विद्यार्थ्यांना समुद्रावर न्यायचं असेल तर

निस्किन बाटली म्हणजे समुद्रात हव्या त्या खोलीवरचं पाणी आत बंद करून वर आणायची बाटली. ती घ्यावी का, याचा निकाल आधीच सांगून टाकतो: घ्या. फक्त पाच लिटरचीच घ्या, एकीऐवजी दोन घ्या, आणि बाटलीसोबत विक्रेता जी दोरी गळ्यात मारतो ती घेऊ नका. खालचा मजकूर म्हणजे या तीन अटींची कारणं.

कुठल्या वापरासाठी हे लिहितोय ते स्पष्ट असलेलं बरं. दहा-बारा पदव्युत्तर विद्यार्थी, भाड्याचा ट्रॉलर, गोवा किंवा दक्षिण कोकणचा किनारा, ५ ते ३० मीटर खोलीची चार स्टेशनं (नमुने घ्यायच्या जागा), पहाटे निघून दुपारी परत. विंच नाही, प्रयोगशाळा नाही. डेकवर बर्फाची पेटी, नळकांड्यांचा एक ट्रे आणि तांडेलाची परवानगी एवढंच. 'सिंधु साधना' किंवा 'सागर कन्या'सारख्या मोठ्या संशोधन जहाजावर जायला मिळालं तर तिथे बाटल्या रोझेट नावाच्या चौकटीवर गोल लावलेल्या असतात, पोलादी केबलवरून खाली जातात आणि आतल्या खोलीत बसून संगणकावर बटण दाबलं की एकेक बंद होते. ते वेगळं जग. इथे बोलतोय ते हाताने सोडायच्या, मेसेंजरने, म्हणजे दोरीवरून सोडायच्या छोट्या वजनाने, बंद करायच्या बाटलीबद्दल.

वस्तू साधी आहे. नान्सेनची जुनी पितळी बाटली खोलीवर जाऊन उलटी व्हायची आणि बंद व्हायची. शेल निस्किनने १९६६ साली पेटंट घेतलेली ही बाटली जागच्या जागी बंद होते आणि पीव्हीसीची असल्याने धातूचा संसर्ग कमी. दोन्ही टोकं उघडी असलेलं नळकांडं, वर-खाली ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बसवलेली दोन झाकणं, झाकणांना आतून जोडणारी रबरी नळी किंवा स्प्रिंग, वरच्या बाजूला हवेचा स्क्रू, तळाशी तोटी, पाठीला दोरीवर आवळायची पकड आणि वर चापाची खिट्टी. झाकणं ओढून बाजूला वळवायची, त्यांच्या नायलॉनच्या दोऱ्या खिट्टीत अडकवायच्या, की बाटली 'चढली'. दोरीवरून पितळी मेसेंजर घसरत येतो, खिट्टीवर आदळतो, दोऱ्या सुटतात, झाकणं फटकन मिटतात. चढवलेल्या बाटलीच्या तोंडात बोट घालायचं नाही, हे पहिल्याच मिनिटाला सांगा. पाच लिटरच्या रबराची ताकद बोटाला चांगलीच कळते.

पाच लिटरच का? हिशेब करून बघा. ऑक्सिजनची बाटली १२५ मिलिची. ती भरून वर तिप्पट पाणी वाहू द्यायचं, म्हणजे एकीला अर्धा लिटर, दोन घेतल्या की एक लिटर गेलं. क्षारतेची काचेची बाटली २०० मिलिची, तीनदा विसळून भरायची. पोषकद्रव्यांची १०० मिलिची, तीही तीनदा विसळून. ही दोन मिळून पाऊण लिटरच्या आत-बाहेर. हरितद्रव्यासाठी एक लिटर गाळायचं, त्याची जोडी म्हणजे दोन लिटर. बेरीज चार लिटरजवळ जाते आणि तोटीच्या खाली जे पाणी अडकतं ते हाती लागत नाही. १.७ लिटरची बाटली हलकी आणि स्वस्त म्हणून घेतली जाते आणि मग प्रत्येक खोलीवर तीन-तीनदा सोडावी लागते. तीन वेळा सोडलेली बाटली म्हणजे तीन वेगळी पाणी. ऑक्सिजन एकातला, हरितद्रव्य दुसऱ्यातलं. दहा लिटरची मात्र हाताने कठड्यावरून आत घेणं दोघांचं काम होऊन बसतं. पाण्यात असेपर्यंत आतल्या पाण्याचं ओझं जाणवत नाही; बाटली पृष्ठभाग सोडते त्या क्षणी पाच किलो एकदम हातात येतात, वर बाटलीचं स्वतःचं वजन. ट्रॉलर नेमका त्याच वेळी कलतो.

आता दोरी. बहुतेक फसलेल्या सफरींचं मूळ इथे असतं. सोबत मिळणारी दोरी साधी नायलॉनची असेल तर ती ओली झाली, भार आला की ताणते आणि तिच्यावरच्या मीटरच्या खुणा खोट्या ठरतात. पॉलिएस्टरची, गुळगुळीत विणीची, ६ मिमीची दोरी घ्या. खुणा करायला गाठी मारू नका. हा मोह सगळ्यांना होतो, आणि मग मेसेंजर पहिल्याच गाठीवर अडकून बसतो. वर सगळे वाट बघतायत आणि खाली बाटली उघडीच. चिकटपट्टीची कडाही चालत नाही. रंगीत दोरा सुईने दोरीतून ओवून घट्ट शिवायचा, दर मीटरला एक रंग, दर पाच मीटरला दुसरा. शून्य धरायचा तो बाटलीच्या मध्यापासून, टोकाच्या वजनापासून नाही. टोकाला पाच ते दहा किलोचं वजन बाटलीच्या एक मीटर खाली लागतंच. त्याशिवाय दोरी सरळ राहत नाही. आणि खूण वाचायची पाण्याच्या पातळीला. कठड्याशी वाचली की कठडा पाण्यापासून जितका उंच तेवढी चूक प्रत्येक नमुन्यात शिरते, दीड मीटरचीसुद्धा.

पकडीची एक अडचण इथेच नोंदवतो. ती मुळात पोलादी तारेसाठी बनवलेली असते. दोरीवर ती घसरते, आणि मेसेंजरचा ठोका बसला की अख्खी बाटली वीतभर खाली सरकते. पकडीच्या जागी दोरीला रबराचा तुकडा गुंडाळून मग आवळली की प्रश्न सुटतो. माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं.

खोली विचारताना तांडेलाशी नीट बोला. तो 'पंधरा' म्हणाला तर ते बहुधा वाव असतात. एक वाव सुमारे १.८३ मीटर; पंधरा वाव म्हणजे २७ मीटर. विद्यार्थ्याने वहीत '१५ मी.' लिहिलं की त्या स्टेशनचा तळाचा नमुना चक्क मधल्या पाण्याचा निघतो आणि तळाजवळ काहीच नाही असा निष्कर्ष निघतो. इको साउंडर असेल तर त्याचा आकडा आणि तांडेलाचे वाव दोन्ही लिहून ठेवा. तळाचा नमुना तळापासून दोन मीटर वर घ्या. त्याहून खाली गेलं की टोकाचं वजन चिखल उडवतं आणि बाटलीत गढूळ पाणी येतं.

होडी अशी उभी करायला सांगा की वारा काम करायच्या बाजूने येईल. मग होडी दोरीपासून दूर सरकते, दोरीवर चढत नाही, आणि दोरी पंख्याकडे जात नाही. इंजिन न्यूट्रलमध्ये हवंच. दोरी तिरकी होणार, ती किती तिरकी होते ते मोजायचं: शाळेचा कोनमापक आणि ओळंबा पुरतो. ३० मीटर दोरी सोडली असेल आणि ती १५ अंश कललेली असेल तर बाटली खरोखर २९ मीटरवर आहे. ३० अंशाला २६ वर. ४५ अंशाला जेमतेम २१ वर. कोसाइन शाळेत शिकलेला असतो, तो पहिल्यांदा उपयोगी पडतो तो इथे. कोन ३० च्या पुढे गेला तर नमुना घेऊ नका, वजन वाढवा. सफरीची तारीख ठरवताना पंचांग बघा: अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीला ओढ कमी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या तोंडाशी याच वजनाने कोन आवरत नाही.

बाटली खोलीवर पोचली की लगेच मेसेंजर सोडायचा नाही. उघडी बाटली खाली जाताना पाणी तिच्यातून वाहत असतं, तरी वरचं थोडं पाणी आत रेंगाळतं. एक मिनिट थांबा, मीटरभर वर-खाली दोन-तीनदा हलवा. मग मेसेंजर. तो सेकंदाला साधारण तीन मीटर उतरतो, २५ मीटरला आठ-नऊ सेकंद. तेवढा वेळ दोरी चिमटीत हलकी धरून ठेवायची, आवळून नाही. मेसेंजर खिट्टीवर बसला की बोटांना बारीक 'टक्' लागते, दाराची कडी आतून पडावी तशी. इंजिनाच्या थरथरीत ती पहिल्या वेळी कळत नाही, तिसऱ्या वेळेपासून डोळे मिटूनही कळते. ही टक् प्रत्येकाच्या बोटांना लागल्याशिवाय स्टेशन हलवू नका. पाण्याखाली काय झालं हे दोरीवरून ओळखणं ही या वस्तूची खरी शिकवण, आणि कुठल्याही सेन्सरच्या पडद्यावर ती मिळत नाही.

दोन बाटल्या घ्यायच्या त्या एका खेपेत दोन खोल्यांचं पाणी मिळावं म्हणून. त्या एकाच दोरीवर लावल्या तर वरच्या बाटलीच्या खाली दुसरा मेसेंजर टांगायचा असतो. वरची बंद झाली की तो सुटतो आणि खालचीला बंद करतो. तो टांगायला विसरणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. खालची बाटली उघडीच वर येते आणि सगळं पुन्हा. ते तरी लक्षात येतं. त्याहून वाईट म्हणजे सोडताना कठड्यावर आपटून बाटली पृष्ठभागालाच बंद होणं. ती छान भरलेली, गच्च बंद, वर येते. आत मात्र वरचं पाणी. म्हणून बाटली वर आली की पहिल्यांदा तिच्यातल्या पाण्याचं तापमान घ्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वर २८ अंश आणि तळाला त्याहून चांगलंच थंड पाणी असतं. तळाच्या बाटलीत २८ आलं तर ती खाली बंद झालेलीच नाही.

यानंतर गळती तपासायची, आणि याचा क्रम उलटा केला तर तपासणीच होत नाही. हवेचा स्क्रू बंद ठेवून आधी तोटी उघडा. चार-दोन थेंब येऊन थांबले तर बाटली ठीक. धार चालू राहिली तर वरून हवा शिरतेय: वरच्या झाकणाची ओ-रिंग तरी बसलेली नाही किंवा हवेचा स्क्रू सोडण्याआधी आवळला गेला नव्हता. बहुतेक वेळा झाकण आणि कडा यांच्यात नायलॉनची दोरी किंवा वाळूचा एखादा कण सापडतो. अशा बाटलीतलं पाणी ऑक्सिजनसाठी वापरायचं नाही, नोंदवहीत 'गळकी' असं लिहून पुन्हा सोडायची. विद्यार्थ्यांना इथे संकोच वाटतो, वेळ गेला म्हणून ते तेच पाणी भरून टाकतात. हटकायची जागा हीच.

नमुने काढण्याचा क्रम ठरलेला आहे: ऑक्सिजन, मग पोषकद्रव्यं, मग हरितद्रव्य, शेवटी क्षारता. कारण सोपं आहे. स्क्रू उघडून पाणी उतरू लागलं की वर हवा भरते, आणि ऑक्सिजनचं गणित दर मिनिटाला बिघडतं. मिठाला हवेशी काही देणंघेणं नाही. ऑक्सिजनसाठी तोटीला मऊ नळी लावा, नळी चिमटून, टिचक्या मारून तिच्यातले बुडबुडे काढा, टोक बाटलीच्या तळाला टेकवून हळू भरा आणि तिप्पट वाहू द्या. ऑक्सिजन मोजायच्या विंकलर पद्धतीचे दोन द्राव, मँगनीज क्लोराइड आणि अल्कली आयोडाइड, १२५ मिलिच्या बाटलीला प्रत्येकी १ मिलि, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बूच तिरकं लावून हवा बाहेर काढा, वीस सेकंद उलटसुलट हलवा, आत तयार झालेला साका अर्धा बसला की पुन्हा एकदा. आत तुरीच्या दाण्याएवढा बुडबुडा राहिला, म्हणजे सुमारे ०.१ मिलि, तर त्यातला ऑक्सिजन १२५ मिलित लिटरमागे ०.१७ मिलि इतका वाढीव आकडा देतो. वरच्या पाण्यात, जिथे ४.५ मिलि असतात, तिथे तो खपून जातो. तळाच्या पाण्यात तेवढाच एकूण ऑक्सिजन असू शकतो.

आणि गोव्यासमोर तो असतोच तसा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढतं, वर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाचा ऑक्सिजन संपत जातो. कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून एकाच जागी वर्षानुवर्षं नमुने घेऊन हे दाखवलेलं आहे. शिकवण्याच्या दृष्टीने यासारखा प्रयोग नाही: त्याच बाटलीने, तेच द्राव घालून पृष्ठभागाच्या नमुन्यात दाट तपकिरी साका येतो आणि तळाच्या नमुन्यात पांढरा, ताकावर जमलेल्या साक्यासारखा. पांढरा म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ नाही. कधी तोटी उघडल्याबरोबर कुजक्या अंड्याचा वासही येतो. टायट्रेशनची वाट बघावी लागत नाही, उत्तर डेकवर दिसतं. आम्ल घालणं आणि थायोसल्फेटचं टायट्रेशन मात्र किनाऱ्यावर करा. साका बसलेल्या बाटल्या अंधारात, बूच पाण्याखाली राहील अशा ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत थांबतात. हलत्या डेकवर सल्फ्युरिक आम्लाची बाटली उघडण्याचं काहीच कारण नाही.

हरितद्रव्याचं पाणी काढण्याआधी अख्खी बाटली हलवून घ्या, नाहीतर जड पेशी तोटीच्या खाली बसून राहतात आणि आकडा कमी येतो. गाळणं सावलीत, ०.७ मायक्रॉनच्या काचतंतू गाळणीवर, पंप हळू. पोषकद्रव्यांच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या असतात, म्हणून काठोकाठ भरू नका, गोठल्यावर फुटतात.

हातात मावणारा सीटीडी (क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं उपकरण) घ्यावा की ही बाटली, हा प्रश्न खरेदीच्या वेळी येतोच. कास्टअवे जातीचा सीटीडी १०० मीटरपर्यंत जातो, सेकंदाला पाच नोंदी घेतो, त्यात जीपीएस असतं आणि तो साध्या पेन्सिल सेलवर चालतो. पृष्ठभागाशी क्षणभर थांबवून मुक्तपणे सोडला, वर ओढला, की दोन मिनिटांत तापमान आणि क्षारतेचा आलेख. काम म्हणून बघितलं तर बाटली त्याच्या जवळपासही येत नाही. पण त्यात ऑक्सिजन नाही, हरितद्रव्य नाही, आणि चुकायला जागाच इतकी कमी की शिकायलाही कमी. पैसे एकाच वस्तूचे असतील तर आमचं मत बाटलीकडे. दोन्ही जमत असतील तर आधी सीटीडी सोडा, तापमान कुठल्या खोलीवर झपकन उतरतं ते बघा आणि बाटलीची मधली खोली त्यावरून ठरवा. 'वर, मध्ये, खाली' असं आंधळेपणाने अर्ध्यावर सोडलेली मधली बाटली बहुतेक वेळा वरच्याच थरातलं पाणी घेऊन येते.

तक्रारी आहेत. आतली काळी रबरी नळी वनस्पतिप्लवकांना बाधते. प्राथमिक उत्पादनाचे, म्हणजे हे प्लवक प्रकाशात किती अन्न तयार करतात त्याचे, प्रयोग करायचे असतील तर सिलिकॉनची नळी किंवा टेफ्लॉनचा लेप असलेली स्प्रिंग आधीच मागून घ्या, नुसत्या रासायनिक नमुन्यांना फरक पडत नाही. रबर उन्हात दोन-तीन मोसमांत सैल पडतं, मग झाकण बसतं पण आवळत नाही. हवेचा स्क्रू सुटा असतो आणि तो समुद्रात पडणारच. पडल्यावर बाटली निकामी. त्याला बारीक दोऱ्याने नळकांड्याला बांधून ठेवा आणि चार जास्तीचे घ्या. मेसेंजर आणि पकड बऱ्याचदा वेगळ्या विकत घ्याव्या लागतात, दरपत्रक मागवताना ते स्पष्ट लिहा. सूक्ष्म धातूंच्या अभ्यासाला ही बाटली नकोच. त्यासाठी पृष्ठभागावरून बंद अवस्थेत जाणारी आणि खाली उघडणारी गो-फ्लो नावाची बाटली लागते.

नोंदवही बाटलीसोबत येत नाही, पण तिच्याविना बाटलीतलं पाणी नुसतं पाणी. पेन्सिल वापरा. नाव बाटलीवर, बुचावर नाही. बुचं हमखास अदलाबदल होतात. वेळ भारतीय लिहिली की जागतिक, ते वर लिहा, साडेपाच तासांचा फरक भरतीच्या वेळेचं गणित उलटं करतो. आणि जीपीएसवर १५ अंश ३० मिनिटं दिसत असेल तर ते १५.३० नव्हे, १५.५० आहे. १५.३० लिहिलंत तर तुमचं स्टेशन नकाशावर १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर, दक्षिणेला जाऊन बसतं. किनाऱ्याच्या वळणाप्रमाणे कधी थेट जमिनीवरही.

चार स्टेशनांना पहिल्या दिवशी पुरेसा वेळ ठेवा: पहिल्याला पाऊण तास जातो, चौथ्यापर्यंत तो अर्ध्यावर येतो. गाळायच्या पंपाशी सलग एकाच विद्यार्थ्याला बसवू नका. खाली मान घालून, डिझेलच्या वासात, सगळ्यात आधी त्यालाच बोट लागते.

परत आल्यावर बाटली गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, खिट्टीत आणि तोटीत पाणी सोडून ती दहा वेळा उघडझाप करा. मीठ साचून खिट्टी अडखळली की मेसेंजर बरोबर आदळूनही बाटली सुटत नाही. सावलीत सुकवा. ठेवताना चढवून ठेवू नका, रबर ताणलेलं राहून मरतं. गच्च बंदही नको, ओ-रिंग चपट्या होतात आणि आत बुरशी धरते. झाकणाच्या फटीत कापडाची घडी घालून, दोऱ्या मोकळ्या सोडून ठेवायची. घडीचं कापड पांढरं घ्या, रंग सोडणारं नको.